एलियनच्या हाताला घट्टे पडतात का?

रील एक्केचाळीस सेकंदांची आहे. सुरुवातीला ड्रोनमधून दिसणारं वेरूळचं कैलास लेणं, मागे शंख आणि ढोल, आणि मग खर्जातला एक आवाज हिंदीत सांगायला लागतो: चार लाख टन दगड, फक्त अठरा वर्षं, रोज बारा तास काम धरलं तरी तासाला पाच टन. आजच्या मशीनलाही हे जमणार नाही. शेवटी आवाज अजून खाली उतरतो, 'तो फिर किसने बनाया?' आणि शिखरावर एक तबकडी तरंगताना दिसते.

वेगवेगळ्या आवाजांत, वेगवेगळ्या संगीतावर मी ही रील निदान वीस वेळा पाहिली असेल. तुम्हीही पाहिली असणार. छत्रपती संभाजीनगरात राहून फोन वापरायचा आणि ही रील चुकवायची, हे शक्य नाही. एरवी मी अंगठा सरकवून पुढे गेले असते. पण गेल्या दिवाळीत माझ्या मामेभावानं ती आजोळच्या ग्रुपवर टाकली, आणि तेवढ्यावर न थांबता फोन घेऊन आजोबांच्या खाटेपाशी गेला.

आजोबा म्हणजे आईचे वडील. आम्ही पाथरवट. शहराबाहेरच्या खदानीत चाळीस वर्षं त्यांच्या हातात सुतकी आणि छिन्नी होती. पाटे-वरवंटे, उखळं, घरांच्या पायऱ्या, दोन-तीन देवळांचे उंबरे त्यांनी घडवले. एकदा उजव्या डोळ्यात कपची गेली, तेव्हापासून त्या डोळ्याला धूसर दिसतं, म्हणून फोन डाव्या बाजूला धरावा लागतो. त्यांनी रील दोनदा पाहिली. फोन परत देताना म्हणाले, "मग आपल्या लोकांनी काय केलं म्हने?"

मामेभाऊ हसला. "आबा, ते लई जुनं आहे. तेव्हाची टेक्नॉलॉजीच वेगळी होती."

आबा गप्प बसले. त्यांच्याकडे फोन नाही, नाहीतर कमेंट केली असती. त्यांची कमेंट मी लिहिते आहे, जरा लांब झाली तर समजून घ्या.

आधी हिशोब. मी सिव्हिलचा डिप्लोमा केलाय, त्यामुळे मला 'तासाला पाच टन' ऐकलं की अंगावर काटा येत नाही, कॅल्क्युलेटर आठवतो. रीलमधले सगळे आकडे खरे धरून चालू. ४ लाख टन, १८ वर्षं, वर्षाचे ३६५ दिवस, रोज १२ तास. भागाकार बरोबर आहे, तासाला साधारण पाच टन येतात. पण पाच टन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एक माणूस आणि ट्रकभर दगड येतो, आणि रील नेमकी तिथेच संपते. कारण पुढचा प्रश्न 'माणसं किती?' हा आहे, आणि तो विचारला की मजा जाते. २५० धरा. सम्राटाच्या कामावर अडीचशे माणसं म्हणजे काहीच नाही, आमच्याकडच्या लग्नात एका पंगतीला तेवढी बसतात. पाच टनांना अडीचशेनं भागा. माणशी तासाला वीस किलो. आपला काळा बेसॉल्ट पाण्याच्या जवळपास तिप्पट जड असतो, म्हणजे वीस किलोचा दगड आकारानं साधारण सात लिटर. अर्धी बादलीसुद्धा भरत नाही. आणि त्याला हातात अख्खा एक तास.

हा आकडा मी आजोबांना सांगितला. म्हणाले, "वीस किलो तर च्या यायच्या आधी व्हायचं." मग जरा थांबून, "पर भिंत राखून काढायचं, मूर्तीचा दगड सोडून काढायचं, तर येळ लागतो माय. तोडनं येगळं, घडवनं येगळं."

हा हिशोब करणारी मी पहिली नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधले पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर यांनी एक माणूस दिवसाला सुमारे चार घनफूट दगड कापेल असं धरलं आणि २५० माणसांना कैलास खोदायला साडेपाच वर्षं पुरतील असा अंदाज मांडला. अठरा नाही, साडेपाच. हे छापलेलं आहे, कुणालाही वाचता येतं. त्यावर रील का होत नाही, हे मला कळतं. त्यात तबकडी कुठे लावायची?

बरं, चार लाख टन हा आकडासुद्धा फुगवलेला. प्रांगण साधारण ८२ मीटर लांब आणि ४६ मीटर रुंद, मागचा कडा सुमारे ३३ मीटर उंच. पण डोंगर उतरता आहे, त्यामुळे पुढे येईतो खोली कमी होत जाते, आणि मध्ये अख्खं मंदिर शिल्लक ठेवलंय ते वजा करायचं. उरतं ते दोन लाख टनांच्या आसपास. आणि 'अठरा वर्षं' म्हणजे काय, तर राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याची कारकीर्द, अंदाजे इ.स. ७५६ ते ७७३. बहुतेक काम त्याच्या काळात झालं असं ढवळीकर मानतात. त्यांच्याआधी हर्मन गोएट्झ यांनी काम अनेक राजांच्या काळात चाललं असं मांडलं होतं. म्हणजे तो कामाचा कालावधी नव्हेच, राजाच्या गादीचा कालावधी आहे.

रीलवाल्यांचा दुसरा लाडका प्रश्न: मग निघालेला दगड गेला कुठे? आजूबाजूला तर ढीग नाही! हा प्रश्न ज्यानं विचारला त्यानं आयुष्यात खडीचा ढीग रस्त्याकडेला टाकून बघावा. दोन लाख टन दगड फोडला की फुगून साधारण एक लाख घनमीटर होतो. तो मीटरभर जाडीनं पसरला तर पंचवीस एकर लागतात. एका बऱ्या शेतकऱ्याचं रान. त्याला उतरता डोंगर आहे, खाली गावं आहेत, बांध, विहिरी, पाया, घरं, रस्ते आहेत, आणि मध्ये साडेबाराशे वर्षं आहेत. आमच्या वस्तीत रात्री टाकलेली खडी सकाळी निम्मी होते.

दिवाळीनंतरच्या रविवारी मी आजोबांना वेरूळला घेऊन गेले. एसटीनं, दौलताबादचा घाट चढून, खुलताबादवरून. तीस किलोमीटर. आयुष्य दगडात गेलेला माणूस, पण कैलास त्यांनी लहानपणी एकदा जत्रेच्या निमित्तानं पाहिलेलं, त्यानंतर कधीच नाही. सुट्टी कुणाला होती?

आत गेल्यावर सगळे शिखराकडे बघतात, सेल्फी घेतात. आजोबा सरळ बाजूच्या कड्याकडे गेले. प्रांगणाच्या त्या उंच, साध्या, कुणीही फोटो न काढणाऱ्या भिंतीवर छिन्नीचे ओरखडे आहेत, रांगच्या रांगा. त्यांनी तळवा ठेवला आणि बोटांनी वाचल्यासारखं खाली आणलं. "वरून आलेत," म्हणाले. "मानूस वर उभा, दगड पायाखाली. परांची बांधायची गरज नाय. खालून वर गेला असता तर लाकडाचं जंगल लागलं असतं."

एवढंच आहे हो रहस्य. बांधायचं असेल तर दगड उचलून वर न्यावा लागतो. कोरायचं असेल तर तो खाली पडतो. पृथ्वी फुकटात काम करते. आधी तीन बाजूंनी खोल चर खणून मधला दगड वेगळा करायचा, मग वरून शिखर उतरवत यायचं. उभ्या जागेवरच काम, हातापाशीच दगड. कठीण काय आहे? आखणी. एकदा छाटलेला दगड परत चिकटवता येत नाही. वरच्या मजल्यावर असताना खाली हत्ती कुठे येणार, खांब कुठे, पूल कुठे, हे डोक्यात पक्कं हवं. ह्या गोष्टीनं मी खरोखर थक्क होते. पण थक्क होऊन मी माणसाकडे बघते, आकाशाकडे नाही.

आणि ही आखणी एका रात्रीत कुणाच्या डोक्यात उतरली नव्हती. कन्नड तालुक्यातल्या पितळखोऱ्याला जा. तिथली लेणी इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकापासूनची. म्हणजे कैलासाच्या आधी जवळजवळ हजार वर्षं आपल्या जिल्ह्यात डोंगर कोरणं चालू होतं. पितळखोरा, अजिंठा, विद्यापीठामागची औरंगाबाद लेणी, वेरूळची बौद्ध लेणी, मग दंतिदुर्गाचा लेख असलेलं दशावतार, आणि मग कैलास. हजार वर्षं बापानं पोराला छिन्नी कशी धरायची ते दाखवलं. कैलासाचा आराखडासुद्धा हवेतून आलेला नाही, पट्टदकलच्या विरूपाक्ष मंदिराशी त्याचं नातं उघड दिसतं, आणि विरूपाक्षाचा प्रमुख स्थपती कोण तेही तिथल्या शिलालेखात आहे: गुंड अनिवारिताचारी. नाव आहे, पदवी आहे. पितळखोऱ्याला सापडलेला बुटका हसरा यक्ष आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याच्या हातावर कोरलंय की हा कण्हदास नावाच्या सोनारानं केला. त्याच लेण्यांत दान देणाऱ्यांमध्ये पैठणचा एक सुगंधी द्रव्यांचा व्यापारी आहे, मितदेव. सोनार, अत्तरवाला. तबकडीवाला कुणी नाही.

शिवाय अर्धवट लेणी बघा. वेरूळलाही आहेत, अजिंठ्याचं चोवीस क्रमांकाचं लेणं तर प्रसिद्धच आहे, खांबांचे ठोकळे तसेच उभे, जमीन खडबडीत. त्यात कामाची प्रत्येक पायरी दिसते, एखाद्या साइटवर स्लॅबच्या आधी काम थांबावं तशी. एलियन अर्धवट टाकून गेले का? बिल पास झालं नसेल.

आता मुद्द्यावर येते, कारण हिशोब हा मुद्दा नाहीच. हिशोब पाचवीतलं पोर करेल. मुद्दा हा की लाखो लोकांना हा भागाकार करावासा का वाटत नाही.

मला वाटतं, कारण आपल्याला मनातून पटतच नाही की घाम गाळणारा, अंगठा लावणारा, उन्हात उकिडवा बसणारा माणूस असं काही करू शकतो. एलियन पटतो. गुप्त यंत्र पटतं. पाथरवट पटत नाही. रीलचा दुसरा प्रकार तुम्ही पाहिला असेल, त्यात परग्रहवासी नसतात, त्यात आपल्या पूर्वजांकडे दगड वितळवणारं अस्त्र असतं. हा प्रकार देशभक्त वाटतो, म्हणून जास्त फिरतो. पण नीट बघा, तिथेही हातोडा गायब आहे. पहिल्या रीलमध्ये श्रेय आकाशात जातं, दुसऱ्या रीलमध्ये कुठल्या तरी हरवलेल्या पोथीत. दोन्हीकडे ज्याच्या फुप्फुसात धूळ गेली तो माणूस फ्रेमबाहेर.

ही खोड नवी नाही आणि फक्त आपली नाही. युरोपियन लोक घारापुरीला आले तेव्हा हे स्थानिकांचं काम नसणार असं मानून त्यांच्यातल्या काहींनी ते सिकंदराच्या, कुणी इजिप्शियनांच्या खात्यावर मांडलं. आफ्रिकेत ग्रेट झिम्बाब्वेच्या दगडी भिंती बघून गोऱ्या राज्यकर्त्यांनी फिनिशियन आणि शेबाची राणी शोधली, पण शेजारी राहणारे शोना लोक त्यांना दिसले नाहीत. १९६८ मध्ये एरिक फॉन डॅनिकेनचं पुस्तक आलं आणि त्यानं ही सगळी मंडळी एकदम अंतराळात पाठवली. जगभर खपलं, मराठीतही लोकांनी आवडीनं वाचलं. कोलोनचं कॅथेड्रल कुणी बांधलं, असं तो जड आवाज कधी विचारत नाही, लक्षात घ्या. तिथे गवंडी चालतात.

तेव्हा गोरे साहेब आपल्याला म्हणायचे, हे तुमचं नसणार. आता आपणच म्हणतो, आणि वर ढोल वाजवतो.

गंमत अशी की आपले जुने लोक असे नव्हते. आश्चर्य त्यांनाही वाटलं. वडोदऱ्याला सापडलेल्या, राष्ट्रकूट कर्कराजाच्या इ.स. ८१२-१३च्या ताम्रपटात या देवळाचं वर्णन आहे. विमानातून जाणारे देव ते बघून चकित झाले असं त्यात येतं. (लगेच स्क्रीनशॉट काढू नका, हे काव्य आहे.) पण पुढे काय येतं? ज्यानं ते केलं तो शिल्पकार स्वतःच अचंबित झाला, हे माझ्या हातून झालं तरी कसं, असं त्याला वाटलं. देव चकित, पण करणारा माणूस. नऊशे वर्षांनी औरंगजेबाच्या काळाचा इतिहास लिहिणाऱ्या साकी मुस्तैद खानानं वेरूळबद्दल लिहिलं, तेव्हा त्यालाही जादूची आठवण झाली, पण ती जादू त्यानं खोदणाऱ्यांच्या अंगी असलेली सांगितली.

आणि सगळ्यात भारी आपली मराठी गोष्ट. सुमारे पाचशे वर्षांपूर्वी कृष्ण याज्ञवल्की यांनी कथाकल्पतरूत सांगितलेली. राजा आजारी पडतो. राणी माणिकावती घृष्णेश्वराला नवस बोलते की राजा बरा झाला तर देऊळ बांधीन, आणि शिखर दिसल्याशिवाय जेवणार नाही. राजा बरा होतो. आता पंचाईत. पायापासून शिखरापर्यंत यायला महिनोन्महिने, तोवर राणी उपाशी मरेल. सगळे कारागीर हात टेकतात. मग पैठणचा कोकस येतो. म्हणतो, आठवड्यात शिखर दाखवतो. आणि तो डोंगराच्या माथ्यावर चढून वरूनच सुरुवात करतो.

ही गोष्ट इतिहास नाही, पण तिच्यात काय काय आहे बघा. वरून खाली हे तंत्र आहे. वेळेचा प्रश्न आहे. अडचण आहे आणि डोकं चालवून काढलेला मार्ग आहे. कारागिराला नाव आहे, गाव आहे, आणि ते गाव इथून पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर आहे. मध्य भारतातल्या अकराव्या ते तेराव्या शतकांतल्या शिलालेखांत कोकसाच्या घराण्यातले म्हणवून घेणारे स्थपती सापडतात, म्हणजे हे नाव कारागिरांमध्ये मानाचं होतं. इंटरनेट नसलेल्या लोकांनी हे सगळं पाचशे वर्षं जपून ठेवलं. आणि आपण, खिशात अख्खी लायब्ररी घेऊन फिरणारे, एक्केचाळीस सेकंदांत ते पुसून टाकलं.

'एवढं काय मनाला लावून घेतेस, मजा म्हणून बघतात लोक,' असं मला मामेभाऊच म्हणाला. मजेला माझी ना नाही. कोड्याची ओढ मलाही आहे. जून २०२०, लॉकडाऊन, लोणारचं सरोवर अचानक गुलाबी झालं, तेव्हा मीही दिवसभर तेच फोटो बघत होते. शाप, चमत्कार, उल्का जागी झाली, काय काय फिरलं. मग वन विभागानं पाण्याचे नमुने पाठवले, पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं तपासले, आणि उत्तर आलं: खारट पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव, रंगद्रव्य त्यांचं. मला ते उत्तर चमत्कारापेक्षा जास्त विलक्षण वाटलं. पण ग्रुपवर किती जणांनी फॉरवर्ड केलं? कोडं गावभर फिरतं, उत्तर घरी बसतं. हा झाला आळस. लोणारमध्ये आळसानं कुणाचं नुकसान झालं नाही, सूक्ष्मजीव काही रागावत नाहीत.

कैलासाचं तसं नाही. तिथे कुणाचं तरी काम चोरीला जातं. आणि ती सवय लेण्यांपुरती राहत नाही. आपल्या शहरातल्या कुठल्याही पुलाची, शाळेची, सभागृहाची कोनशिला वाचा. उद्घाटक, प्रमुख पाहुणे, सन्माननीय उपस्थिती, सगळ्यांची नावं त्यावर असतात. ज्यानं ती पाटी कोरली त्याचंही नाव नसतं. आजोबांनी अशा किती पाट्या घासून दिल्या याचा हिशोब नाही. अक्षरं येत नसताना अक्षरं कोरली त्यांनी, खडूनं काढून दिलेल्या रेघेवरून. त्यांच्या हातांचे घट्टे अजून गेले नाहीत, काम सुटून बारा वर्षं झाली तरी. खोकलाही गेला नाही. बाराशे वर्षांनी ती एखादी पाटी कुणाला सापडली तर म्हणतील, इतकी सरळ ओळ माणसानं कोरणं शक्य नाही.

परत निघताना एक जण दहा-बारा पर्यटकांना तेच सांगत होता, तासाला पाच टन, मशीन, रहस्य. आजोबा थांबून ऐकत राहिले. मला वाटलं आता काही बोलतील. त्यांनी फक्त आपले दोन्ही तळवे बघितले, धोतराला पुसले आणि बसस्टँडकडे चालायला लागले.

घरी आल्यावर मी भागाकार ग्रुपवर टाकला. सोबत भिंतीवरच्या आजोबांच्या हाताचा फोटो. मावशीनं हात जोडले, मामानं गुलाबाचं फूल पाठवलं, मामेभावानं अंगठा दिला. त्याच रात्री त्यानं नवीन रील टाकली: 'पाणचक्कीचं पाणी उलटं कसं चढतं? चारशे वर्षांचं न सुटलेलं रहस्य.' यावेळी मात्र खाली लिहिलं होतं, 'ताई, हे तरी खरं का?'

मी लिहिलं की उलटं नाही चढत. पाण्याचा उगम डोंगरात उंचावर आहे, बंद नळातून आलेलं पाणी जवळपास तेवढ्याच उंचीपर्यंत चढतं, सायकलच्या दुकानातली पारदर्शक नळी वाकवून बघ. ह्या शहरात नहरींची सुरुवात केली ती इथिओपियातून गुलाम म्हणून आलेल्या मलिक अंबरानं, ज्यानं १६१० मध्ये खडकी वसवली. पुढच्यांनी भर घातली. (आज आपल्या नळाला काही दिवसांआड पाणी येतं, त्या रहस्यावर रील कर म्हणावं.)

आजोबांना विचारलं, येत्या रविवारी पाणचक्कीला यायचं का. म्हणाले, "पान्याचं मला काय कळत नाय माय. पर नहरीचा दगड कसा बसवला ते बघू."